हिराताईंची आखणी

हिराताई माणसाकडे सरळ बघत नसत. मान जराशी उजवीकडे वळवायच्या आणि डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून बघायच्या. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, बाईंना आपला काहीतरी संशय आलाय. मलाही तसंच वाटलं होतं. रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या वजनकाट्यावरचा संगणक बंद पडला म्हणून मला पाठवलं होतं, आणि या बाई माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीशी बोलत होत्या.

"तू का नवीन इंजिनेर? जुना कुठं गेला? तो बरा होता, निदान हात धुऊन तरी यायचा."

मी वाटेत वडखळला भजी खाल्ली होती आणि बोटं तेलकट होती. त्यांना ते दिसलं नसणारच, वास आला असणार. मी मुकाट्याने बाहेरच्या नळावर जाऊन आलो.

खरं तर मी इंजिनियर वगैरे काही नाही. पेणला राहतो, एका कंत्राटदाराकडे नोकरी करतो आणि डोलवीपासून रोह्यापर्यंतच्या कंपन्यांतले संगणक चालू ठेवतो. चालू ठेवणं म्हणजे बहुतेक वेळा बंद करून परत चालू करणं. पण हिराताईंनी पहिल्या दिवशी इंजिनेर म्हटलं ते शेवटपर्यंत.

वजनकाटा म्हणजे गेटच्या आत रस्त्यातच बसवलेला लांबरुंद लोखंडी फलाट. ट्रक किंवा टँकर त्यावर येऊन उभा राहतो आणि शेजारच्या खोलीत लाल दिव्यांच्या डब्यावर आकडा उमटतो. गाडी भरलेली असेल तर संगणकावर एक बटण दाबायचं, रिकामी असेल तर दुसरं, आणि पावती छापून द्यायची. काम एवढंच. एवढंच म्हणणाऱ्याने एकदा तिथे दिवसभर बसून बघावं. सकाळी आठला गाड्यांची रांग लागते, प्रत्येक ड्रायव्हरला घाई, आणि प्रत्येकाला वाटतं की काटा फक्त आपल्यालाच कमी दाखवतो.

हिराताई त्यांना पुरून उरायच्या. आपली खुर्ची त्या कधी सोडत नसत आणि गाडीचा नंबरही स्वतः वाचत नसत. ड्रायव्हरलाच तो मोठ्याने म्हणायला लावायच्या. "बोल रे नंबर. शाळेत पाढे म्हणायचास ना, तसा बोल." तो बोलायचा आणि यांची बोटं न बघता कळा दाबायची. लोकांना ती बाईंची ऐट वाटे. एकदा एकाने मागचं चाक फलाटाबाहेर ठेवलं, मुद्दाम की चुकून देव जाणे. हिराताईंनी खिडकीकडे वळूनही बघितलं नाही. "पुढं घे रे, शेपूट बाहेर ऱ्हायलीय तुझी." नंतर मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाल्या, "गाडी पुरी चढली की दोनदा खडखडते. ही एकदाच खडखडली."

डोळ्यांचं त्यांनी मला तिसऱ्या का चौथ्या भेटीत सांगितलं, आणि तेही मला त्यांच्या संगणकात काही बदल करायचे होते म्हणून.

त्या मूळच्या पेणजवळच्या भातशेतीवाल्या घरातल्या. लग्न होऊन पेणला आल्या आणि गणपतीच्या कारखान्यात कामाला लागल्या. आधी मूर्ती घासायच्या, मग दागिने रंगवू लागल्या, मग पितांबर, आणि शेवटी आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. कारखान्यात माणसं खंडीभर असली तरी आखणीचे हात दोन किंवा तीन. बाकी सगळं चुकलं तर पुसून परत करता येतं. डोळा चुकला की मूर्ती कितीही देखणी असो, ती कुठेच बघत नाही. वीस वर्षं हिराताईंनी डोळे रेखले. "साचा सगल्यांचा, आखणी ज्याची त्याची," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दोन भावंडांविषयी बोलताना, दोन सारख्या घरांविषयी बोलताना, एकाच गिरणीत दळलेल्या पिठाच्या दोघींच्या भाकऱ्यांविषयी बोलताना त्या ते वापरायच्या.

एका सकाळी त्यांना एका मूर्तीच्या दोन डोळ्यांची पातळी जुळेना. कारखान्याचे शेठ म्हणाले, मला तर काही फरक दिसत नाही. "तुमाला नाय दिसत," हिराताई मूर्तीकडे वळून म्हणाल्या, "त्याला दिसतो." त्यांनी कुंचला धुतला, उभा करून ठेवला आणि त्या घरी गेल्या. परत कधी त्या पाटावर बसल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. कडेचं दिसेल, पण ज्याच्याकडे बघाल तेच पुसट होईल. "बरं हाय," हिराताई त्यांना म्हणाल्या, "बघू नये ते तेवढं दिसंल." पुढे नवरा गेला. तो रोह्याच्या या कंपनीत होता, त्याच्या जागी कंपनीने यांना घेतलं आणि काट्यावर बसवलं. डोळ्यांचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं होती. एकुलती एक मुलगी खांब गावात दिलेली. ती आणि जावई दोघंही, इकडे या, म्हणून मागे लागलेले.

"जावई वाईट असता तर एक वेळ गेले असते, भांडून तरी ऱ्हायले असते," हिराताई म्हणायच्या. "तो चांगला हाय रे. लेकीच्या दारात बसून चांगल्या माणसाचं खायचं, ते मला जमायचं नाय. काटा हाय तवर मी माझ्या घरात."

म्हणून मला दम भरला गेला. "इंजिनेर, तुला म्हणून सांगितलं. बाहेर बोललास तर तुझा पण काटा काढीन."

जुना संगणक बापडा गरीब होता. सांगाल ते ऐकायचा. मी अर्धा दिवस खपून त्याची आखणी बदलली. स्क्रीनची पार्श्वभूमी काळी केली, अक्षरं पिवळी, बोटाएवढी मोठी. खालची पट्टी उचलून डाव्या अंगाला उभी केली, कारण डावीकडचं त्यांना बरं दिसे. भरलेल्या गाडीचं बटण लाल, रिकाम्याचं हिरवं. हिराताई मान वळवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता बघतोय हा माझ्याकडं." माझ्या नोकरीत मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र. मी ते अजून विसरलेलो नाही.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाने सगळीकडचे संगणक बदलायचे ठरवले. नवी यंत्रं, नवी प्रणाली, वजनाचा नवा प्रोग्रॅम. बसवायला मीच. बसवून झाल्यावर मी हिराताईंसाठी रंग बदलायला गेलो तर सेटिंगच्या पानावर सगळंच फिकं. दाबलं तरी दबेना. वर एक ओळ होती, ही व्यवस्था तुमच्या संस्थेकडून केली जाते. खालची पट्टी हलवायची सोय तर प्रणाली बनवणाऱ्यांनीच काढून टाकलेली. वजनाच्या प्रोग्रॅमने स्वतःचे रंग आतच भरून आणले होते. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं आणि दोन राखाडी बटणं, एकाखाली एक. वर 'रिकामा', खाली 'भरलेला'. माझ्या धडधाकट डोळ्यांनाही ती जुळी वाटली.

मी मदतकक्षाला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, अतिशय गोड बोलणारी. "सर, ती सेटिंग लॉक आहे. माझ्या हातात नाही." मी विचारलं, कोणाच्या हातात आहे? तिने विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, मला नाही माहीत."

हिराताईंनी विचारलं, "पण का? माझ्या टेबलावरचं यंत्र. माझ्या पिवळ्या अक्षरांनी त्यांचं काय जळतं?"

याचं उत्तर मला येत होतं, हीच पंचाईत. मी त्यांना सगळं सांगितलं. मदतकक्षातली ती पोरगी शेकडो लोकांना फोनवर सांगते, डावीकडचं तिसरं बटण दाबा. प्रत्येकाने आपापल्या परीने घर लावलं तर तिने काय सांगायचं? प्रोग्रॅम लिहिणारे एकाच रूपावर तो तपासून बघतात. अक्षर मोठं केलं की कुठे शब्द तुटतो, कुठे बटणच दिसेनासं होतं. मागे लोकांनी स्क्रीनचे नाही नाही ते रंगीत मुखवटे इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि त्यांतून विषाणू आले. कोणी खोटी खिडकी काढून पासवर्ड मागितला तर खरी ओळखायची कशी, खरी सगळीकडे सारखी दिसली तरच ना. काही बहाद्दरांनी तर काळ्यावर काळी अक्षरं केली आणि संगणक बिघडला म्हणून तक्रार दिली. आणि बनवणाऱ्याला हौसही असते, की दुरून बघितलं तरी लोकांनी ओळखावं, हे आमचं.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. हिराताईंनी मला एक गोष्ट सांगितली.

कारखान्यात एका वर्षी त्यांच्या मनात आलं, या खेपेला नजर जरा खाली घ्यावी, पायाशी बसलेल्या माणसावर पडेल अशी. एका घरच्या मूर्तीला तशी आखणी केली. त्यांच्या मते ती त्यांच्या हातची सगळ्यात चांगली. त्या घरचे म्हातारबुवा न्यायला आले. बराच वेळ उभे राहून बघितलं, हात जोडले, आणि म्हणाले, मूर्ती सुरेख आहे, पण हा आमचा नव्हे. आमचा दरवर्षी समोर बघतो. आणि ते मूर्ती न घेता गेले. शेठने दुसरी मूर्ती तयार करायला लावली. मग एका मूर्तीचा फोटो भिंतीवर टांगला. आजपासून सगळे डोळे असे.

"मला राग आला होता," हिराताई म्हणाल्या. "पण म्हाताऱ्याचं तरी काय चुकलं? वर्षभर वाट बघायची आन् भलताच पाहुणा घरात आणायचा? शेठचं पण चुकलं नाय. तो घराघरात जाऊन किती जणांना समजावणार? म्हंजे तुझ्या त्या लोकांनी फोटो टांगलाय. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द चढवून बोललो असतो, मग चहा झाला असता. पण त्यांना समोरच्याची बाजू कळत होती, आणि कळूनही आकडा दिसत नव्हता.

एक वाट होती. डोळ्यांचा त्रास असलेल्यांसाठी कुलूप उघडून देतात. अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडायचा. दाखला आधी रोह्याच्या व्यवस्थापकाकडे जाणार, मग वर. म्हणजे काट्यावर बसणाऱ्या बाईला समोरचं दिसत नाही, हे कंपनीला सहीशिक्क्यानिशी कळवायचं, तेव्हा तिला दिसण्याची सोय होणार. मी तो अर्ज छापून नेला होता. वाचून दाखवला. हिराताई हसल्या. "कुलूप उघडायला चावी देतात, पण घर सोडलं तरच." मी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे काही दिवस तो माझ्या पँटच्या खिशात होता आणि शेवटी धुण्यात गेला.

पुढच्या खेपेला गेलो तर स्क्रीनच्या काचेवर दोन टिकल्या. एक मरून, एक हिरवी. मरून नेमकी 'भरलेला'वर चिकटवलेली, हिरवी 'रिकामा'वर. संगणकाचा बाण टिकलीखाली शिरला की बटण दाबायचं.

"दुकानातली बाई बघतच राह्यली," हिराताई सांगत होत्या. "विधवा बाई आन् टिकल्यांचं पाकीट. वर रंग निवडून घेतेय. मी म्हटलं, बये, माज्यासाठी नाय गो, संगणकाला हव्यात. ती म्हणे, कंच्या संगणकाला?" आणि त्या खूप हसल्या.

मीही हसलो. काचेवर काही चिकटवायचं नाही असा नियम होता, माझ्याच कंत्राटात लिहिलेला. मी टिकल्या तशाच राहू दिल्या. एवढ्या लोकांच्या सोयीचा विचार करून कुलूप लावलेलं, आणि दुकानातल्या पाकिटाने ते बाजूला सारलं, याचा मला आनंदच झाला होता. मी त्या वेळी जरा पुढचा विचार करायला हवा होता. संगणक हे माझं काम होतं, त्यांचं नव्हे.

दोन महिन्यांनी प्रोग्रॅम आपोआप अद्ययावत झाला. विशेष काही नाही. वरच्या बाजूला एक निळसर पट्टी आली, नवीन सुविधा उपलब्ध, अधिक माहितीसाठी इथे दाबा. त्या पट्टीने बाकी सगळं एक ओळ खाली ढकललं. टिकल्या होत्या तिथेच राहिल्या. मरून टिकलीखाली आता 'रिकामा' होतं.

सकाळी पहिला टँकर आला. ड्रायव्हरने नंबर म्हटला, गाडी दोनदा खडखडली, हिराताईंनी मरून टिकलीखालचं बटण दाबलं आणि पावती दिली. भरलेला टँकर संगणकाच्या लेखी रिकामा होऊन आत गेला. आतल्या लोकांनी तो उतरवून घ्यायला नकार दिला, कारण त्यांच्या यंत्रावर ही गाडी माल टाकून मोकळी झाली होती. बाहेर जायला गेटवाला सोडेना, कारण टाकी तर भरलेली. ड्रायव्हर दिवसभर उन्हात उभा. चौकशी सुरू झाली तोवर त्याच्यामागच्या आणखी चार गाड्या तशाच आत गेलेल्या.

मला बोलावलं गेलं. व्यवस्थापक दांडगाई करणारे नव्हते. त्यांनी स्क्रीन बघितली, टिकल्या बघितल्या, हिराताईंच्या वळलेल्या मानेकडे बघितलं आणि ते खाली बसले. त्यांना सगळं कळलं असावं. पण मुख्य कार्यालयाला अहवाल जायलाच हवा होता आणि तो मीच भरायचा. त्यात कारणासाठी तीन चौकोन होते. यंत्राचा दोष, प्रणालीचा दोष, वापरणाऱ्याची चूक. यंत्र ठणठणीत होतं. प्रणालीने सांगितलेलं सगळं बरोबर केलं होतं. शेजारी दोन शब्द लिहावेत तर फॉर्ममध्ये जागाच नव्हती. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

बाहेर आलो तर हिराताई नखाने टिकल्या काढत होत्या.

"काय लिहिलंस?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण त्या मान वळवून माझ्याकडे बघत होत्या.

"मग बरोबर लिहिलंस," त्या म्हणाल्या. "बटण मीच दाबलं ना." काचेवर गोंदाचे दोन ठिपके राहिले होते. ते पुसायला त्यांनी माझ्याकडे फडकं मागितलं.

पुढे डोळ्यांची तपासणी झाली आणि कामास अयोग्य असा शेरा आला. दुसरी जागा देता येईल का, हे व्यवस्थापकांनी वर विचारून बघितलं म्हणे, पण नकार आला आणि त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मी मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहिलं, की चूक बाईंची नसून रचनेची आहे. त्याचं उत्तर आलं, आपली सूचना नोंदवून घेतली आहे. ते पत्रही ठरावीक साच्यातलंच होतं. मी दुसरं लिहिलं नाही.

त्यानंतर त्यांच्या घरी जायचं मी टाळत राहिलो. पेणमध्येच घर, दहा मिनिटांवर. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत पावसाळा संपला.

परवा पेणच्या स्टँडवर दिसल्या. मी गाडी दुरुस्तीला टाकली होती म्हणून रोह्याला एसटीने निघालो होतो. हिराताई फलाटाशी उभ्या होत्या. हातात पिशवी, पायाशी पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर गुंडाळलेली वळकटी. दोन दिवसांच्या पाहुणीचं ते सामान नव्हतं. महाडची गाडी लागली तशी त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "दादा, ही खांबला थांबते काय?"

शेजारचा माणूस मी होतो.

"थांबते, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली. "इंजिनेर!" त्या एवढ्या मनापासून हसल्या की मला तोंड लपवावंसं वाटलं. "अरे, वाळला का जाडा झालास? काय कळत नाय आता." मी ट्रंक उचलून गाडीत चढवली. घराचं काय केलं, ते विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, कुलूप लावलंय, चावी शेजारी दिलीय. जावई न्यायला येणार होता, पण त्याची शिफ्ट सुटली नाही. चांगला आहे बिचारा.

त्यांना खिडकीशी बसवून मी खाली उतरलो. कंडक्टर अजून चहा पीत होता. त्यांनी खिडकीतून विचारलं, "माझ्या जागी कोण आलं रे?"

"एक मुलगी आहे. धाटावची."

"हुशार हाय?"

"आहे." त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, हे रंग फार मेलेले आहेत, बदलता नाही का येणार. तिलाही मी नाही म्हणून सांगितलं होतं. हे मी हिराताईंना सांगणार होतो, पण कंडक्टर आला आणि त्याने घंटी मारली.

गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून माझ्या जरा डावीकडे, मी उभाच नव्हतो तिथे, बघत होत्या.

"तिला दिसतं ना नीट?"

"दिसतं," मी ओरडून सांगितलं.

"मग झालं," हिराताई म्हणाल्या.